कार्बोरेटरखालचा स्पेसर बनवून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी अ‍ॅम्बेसेडर, एमएच १९ पासिंग, जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. हेड थोडं घासून घेतलंय, पोर्ट साफ केलेत आणि वर सिंगल बॅरल सोलेक्स कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग; बॅरल म्हणजे त्यातली हवेची वाट) काढून टू-बॅरल बसवलाय. या सगळ्यात सगळ्यात जास्त डोकं कशात लावावं लागलं असेल तर ते कार्बोरेटरच्या खाली बसणाऱ्या एका चपट्या तुकड्यात. जळगाव, भुसावळ, चोपडा, धुळे, कुठून ना कुठून कोणी भेटलं की तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

स्पेसर म्हणजे नेमकं काय?

कार्बोरेटर आणि मेनिफोल्ड (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणारी नळी) यांच्या मधे ठेवायचा जाड तुकडा. कार्बोरेटरच्या बुडाचा जो आकार तोच त्याचा आकार, मधे हवा जायचं भोक, बाजूला स्टडची (डोकं नसलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टची) भोकं, वर एक पॅकिंग खाली एक पॅकिंग, बस. काम मात्र तीन-चार प्रकारचं करतो. एक म्हणजे खालची गरमी वर चढू देत नाही, दुसरं कार्बोरेटर उंच करतो म्हणजे लिंकेज (एक्सिलेटरला जोडणारे रॉड) किंवा पाइप कुठं अडत असेल तर जागा होते, तिसरं म्हणजे कार्बोरेटर वेगळ्याच गाडीचा असेल आणि स्टड जुळत नसतील तर तोच अ‍ॅडाप्टर बनतो, आणि चौथं म्हणजे मेनिफोल्डमधल्या हवेच्या वाटेत थोडा फरक पडतो. लोक चौथ्यासाठी बनवायला जातात, पण आपल्या भागात पहिल्यासाठीच बनवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे याची एवढी गरज का? कंपनीनं तर दिलेला नव्हता.

काही गाड्यांना कंपनीनं दिलेला असतो, पण पातळ. आणि बाहेरच्या देशात जिथं ही इंजिनं जन्मली तिथं मे महिना म्हणजे काय ते माहीतच नाही. अ‍ॅम्बेसेडरचं हे इंजिन मूळ ब्रिटिश, बीएमसीचं बी-सिरीज. त्याची रचना अशी की इनटेक (हवा-पेट्रोल आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जायची वाट) दोन्ही एकाच बाजूला. म्हणजे कार्बोरेटरच्या जवळच, खालच्या अंगाला एक्झॉस्ट मेनिफोल्ड तापत बसलेला. इंग्लंडच्या थंडीत ते फायद्याचंच, पेट्रोलची वाफ नीट होते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा तेच उलटं अंगावर येतं.

होतं काय, तर गाडी चालू असताना पंखा फिरतोय, थंड पेट्रोल येतंय, त्यामुळं निभावतं. गाडी बंद केली की पंखा बंद, पाणी फिरणं बंद, पेट्रोल येणं बंद, आणि एक्झॉस्टची सगळी गरमी वर कार्बोरेटरमधे चढते. पेट्रोल काय पाण्यासारखं एका डिग्रीला उकळत नाही, त्यातला हलका भाग ३५-४० डिग्रीपासूनच उडायला लागतो. मग फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उकळून नोझलमधून आपोआप मेनिफोल्डमधे सांडतं. दहा मिनिटांनी चहा पिऊन आलात, सेल्फ मारला, गाडी फिरते पण उचलत नाही, बोनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा.

माझं हे कन्नड घाटात झालंय. चाळीसगावहून वर चढत होतो, पुढं ट्रकची रांग, दुपारचे दोन, पाच मिनिटं बंद केली तेवढ्यात गाडी बसली. मागं घरातली सगळी माणसं, त्यात म्हातारी आई. एक गाडीवाला थांबला, धुळ्याकडचा असावा, म्हणाला "काय व्हयनं भाऊ, गाडी तपनी का?" आणि त्यानंच ओलं फडकं टाकायला लावलं. तासभर गेला. त्या दिवशी ठरवलं की हे फडक्यावर सोडायचं नाही.

म्हणजे हाच वेपर लॉक का?

नाही, आणि हा फरक समजून घ्या कारण यातच लोकांचे पैसे वाया जातात. वेपर लॉक म्हणजे पंपात किंवा पाइपमधे पेट्रोलची वाफ झाली आणि पुढं पेट्रोल पोचतच नाही. वर सांगितलं ते उलटं आहे, तिथं पेट्रोल नको तितकं सांडलेलं असतं. दोन्हीत गाडी गरम असताना सुरू होत नाही म्हणून दोन्हीला लोक एकच नाव देतात.

ओळखायचं कसं, तर एअर क्लीनर काढा, टॉर्च घेऊन वरून बघा. नोझलमधून पेट्रोल ठिबकतंय, आत सगळं ओलं आहे तर ती कार्बोरेटर तापल्याची केस, स्पेसर उपयोगी पडणार. एक्सिलेटर दाबला आणि कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाच्या नळीतून पिचकारी येतच नाही, आत कोरडं ठाक, तर पेट्रोल वर पोचत नाहीये. तिथं पंप, पाइपचा रस्ता, एक्झॉस्टजवळून गेलेली नळी हे बघा, नुसत्या स्पेसरनं काम होणार नाही. अ‍ॅम्बेसेडरचा मेकॅनिकल पंप इंजिनच्या ब्लॉकलाच लागलेला, तो पण तापतो. आणि ओली केस असेल तर रस्त्यावर सुरू करायची पद्धत म्हणजे एक्सिलेटर पूर्ण खाली दाबून धरून ठेवायचा, पंप पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. जास्त हवा जाऊन सुकतं आणि उचलते.

स्पेसरनं पॉवर वाढते का?

थोडी, आणि तीसुद्धा बऱ्याच अंशी गरमी कमी झाल्यामुळं. साधा हिशोब आहे, आत जाणारी हवा १० डिग्री थंड असेल तर तेवढ्याच जागेत सुमारे ३ टक्के जास्त हवा मावते. बाकी मेनिफोल्डची जागा वाढून, वाट लांबून जो फरक पडतो तो रेसच्या इंजिनावर, वरच्या आरपीएमला दिसतो. आपल्या हलक्या मॉडिफाय केलेल्या इंजिनावर स्टेअरिंगला बसून ओळखू येईल असा पिकअपचा फरक स्पेसरमुळं येईल या आशेनं पैसे घालू नका. गरम गाडी पहिल्या सेल्फला सुरू होणं, ट्रॅफिकमधे स्लोवर (एक्सिलेटर न दाबता) न थरथरता उभी राहणं, हा फरक मात्र पहिल्याच दिवशी कळतो.

जाडी किती ठेवायची?

मी चार सुतापासून सुरू करा म्हणतो, म्हणजे अर्धा इंच, साधारण १२ मिमी. दोन सुताचा म्हणजे ६ मिमीचा पण काम करतो, जागा अजिबात नसेल तर तोच लावा, काहीच नसण्यापेक्षा खूप बरा. २५ मिमीच्या वर जायचं तर अ‍ॅडाप्टर असेल तरच, कारण मग एक्सिलेटरचा रॉड, चोकची वायर, पेट्रोलची नळी, एअर क्लीनर सगळंच हलवावं लागतं.

बोनेटची जागा मोजायची सोपी पद्धत: एअर क्लीनरच्या टोकावर कणकेचा गोळा ठेवा, बोनेट हळू लावा, परत उघडा, जेवढा गोळा उरला तेवढी जागा. स्पेसर लावून झाल्यावर किमान १५ मिमी तरी राहिली पाहिजे. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, क्लच सोडताना आणि रेस मारताना ते हलतं, आणि जुन्या माउंटिंगवर तर जरा जास्तच हलतं.

कशाचा बनवायचा? अल्युमिनियम चांगलं दिसतं.

चांगलं दिसतं खरं, पण गरमी अडवायची असेल तर अल्युमिनियम काहीच कामाचं नाही, ते तर गरमी पोचवायलाच वापरतात. उष्णता वाहून नेण्याचा आकडा बघा, अल्युमिनियमच्या मिश्रधातूचा १५० ते २०० च्या आसपास आणि बेकेलाइटचा ०.२ ते ०.३, त्याच मापात. म्हणजे शेकडो पटीचा फरक. म्हणून बेकेलाइट, म्हणजे आपले लोक ज्याला हायलम शीट म्हणतात ते. त्यात दोन प्रकार मिळतात, कागदाचे थर असलेलं आणि कापडाचे थर असलेलं. कापडवालं घ्या, तपकिरी रंगाचं, कडेला विणीसारखं दिसतं. ड्रिल करताना कमी फुटतं आणि कडा मजबूत राहतात. कागदवालं इलेक्ट्रिकच्या बोर्डासाठी ठीक आहे, इथं स्टडच्या भोकाजवळ चिरतं.

अल्युमिनियम कुठं लागतं, तर अ‍ॅडाप्टरला, जिथं आटे पाडायचे आहेत. बेकेलाइटमधे पाडलेले आटे एक-दोन वेळा धरतात आणि मग निघून येतात, त्यावर कार्बोरेटर टांगायचा नाही.

सागवानाचा चालेल का? थ्रीडी प्रिंट?

लाकूड गरमी छान अडवतं, जुन्या मिस्तरींनी लावलेले मी बघितलेत. पण ते दबतं, नट सैल पडतात, पावसाळ्यात फुगतं. घरी पोचण्यापुरतं ठीक.

थ्रीडी प्रिंटचं नीट ऐका. स्वस्तातलं पीएलए ६० डिग्रीच्या आसपासच मऊ पडतं, एबीएस पेट्रोलनं खराब होतं. मेनिफोल्डवर हे बसवलं तर वाकणार, हवा घेणार आणि तुकडा सुटला तर थेट व्हॉल्व्हमधे. इंजिन चालवायला कधीच लावू नका. पण फिटिंग बघायला एक नमुना प्रिंट करून घेतला तर फार उपयोग होतो, भोकं जुळतात का, लिंकेज अडतं का हे सगळं महागाचं मटेरियल कापायच्या आधीच कळतं. अ‍ॅक्रिलिक अजिबात नको, पेट्रोल-इथेनॉलनं तडकतं.

हायलम शीट आपल्याकडे मिळणार कुठं?

यासाठी मुंबईला जायची गरज नाही. रावेर, यावल, चोपडा, सगळा केळीचा पट्टा आहे, जिथं केळी तिथं बोअरवेल आणि जिथं बोअरवेल तिथं सबमर्सिबल मोटर रिवाइंडिंगची दुकानं. त्यांच्याकडे आणि पॅनल बोर्ड बनवणाऱ्यांकडे हे शीट असतं किंवा ते कुठून आणतात ते तरी ते सांगतात. शीट किलोवर विकतात, पूर्ण शीट घ्यायची गरज नाही, कापलेला तुकडा मागा. माझा पहिला स्पेसर अशाच एका रिवाइंडिंगवाल्याच्या उरलेल्या तुकड्यातून झालाय. जळगाव एमआयडीसीत लेथ आणि मिलिंगवाले भरपूर, भुसावळला रेल्वे आणि ऑर्डनन्स फॅक्टरीमुळं हाताला सफाई असलेले रिटायर्ड टर्नर-फिटर सापडतात. अशा माणसाकडे काम दिलं तर माप हाताला कसं लागतं ते बघायलाच मजा येते.

माप कसं घ्यायचं?

जुनं पॅकिंग शाबूत असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर कार्बोरेटर खोला, बुडाला हलकं ग्रीस किंवा शाईचा हात फिरवा आणि जाड कागदावर दाबा, छाप येतो. मेनिफोल्डचाही वेगळा छाप घ्या, कारण दोन्ही सारखेच असतील हे गृहीत धरायचं नाही. मग व्हर्नियरनं तीन मापं घ्या: स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, कार्बोरेटरच्या बुडाचं भोक, मेनिफोल्डचं भोक. स्टडचं अंतर मोजताना दोन्ही स्टडची बाहेरची बाजू ते बाहेरची बाजू मोजा आणि एका स्टडची जाडी वजा करा, डोळ्यानं मध्य शोधण्यापेक्षा बिनचूक येतं.

छापावर सगळे छोटे रस्तेपण बघा. काही कार्बोरेटरच्या बुडात व्हॅक्यूमची बारीक भोकं असतात, ती मेनिफोल्डशी जुळलेली असतात. स्पेसरनं ती झाकली गेली तर गाडी स्लोवर उभीच राहणार नाही आणि तुम्ही आठ दिवस जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) साफ करत बसाल.

मधलं भोक किती मोठं करायचं?

कार्बोरेटरच्या भोकापेक्षा लहान कधीच नाही, मेनिफोल्डच्या भोकापेक्षा मोठं नाही. हवा वरून खाली जाते, तर वाट खाली जाताना थोडी मोठी झाली तर चालतं, पण वाटेत ओटा लागला, म्हणजे खालचं भोक लहान, तर त्या ओट्यावर पेट्रोलचे थेंब साचतात आणि मग ते एकदम आत जातात. स्लोवर गाडी मधेच घुटमळते ती यामुळं. कार्बोरेटरचं ३२ आणि मेनिफोल्डचं ३४ असेल तर वर ३२ खाली ३४ असा हलका उतार काढून घ्या. मेनिफोल्डच लहान असेल तर त्याचं तोंड घासून जुळवावं लागेल, आणि ते मेनिफोल्ड खाली उतरवूनच करायचं, वरच्या वर घासलं तर चुरा सरळ इंजिनात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बटरफ्लाय, म्हणजे कार्बोरेटरमधली हवा कमी-जास्त करणारी फिरती चकती. एक्सिलेटर पूर्ण दाबला की बटरफ्लाय उभी होते आणि तिचं खालचं टोक बऱ्याच कार्बोरेटरमधे बुडाच्या खाली येतं. स्पेसरचं भोक तिथं घट्ट असेल किंवा सेंटर चुकलं असेल तर बटरफ्लाय अडकते, आणि ती उघडी अडकली म्हणजे गाडी रेस होऊनच राहिली. घाटात असं झालं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून टेबलावर कार्बोरेटर आणि स्पेसर पॅकिंगसकट बोल्टनं आवळून, हातानं बटरफ्लाय वीस वेळा पूर्ण उघडझाप करून बघा. मग गाडीवर बसवून परत. जराही घासल्याचा आवाज आला तर इंजिन सुरू करायचं नाही.

लेथवाल्याला काय सांगायचं?

नुसतं "असाच बनवून दे" म्हणून पॅकिंग हातात देऊ नका. कागदावर मापं लिहून द्या, आणि पॅकिंग वरून चिकटवा. भोक फोर-जॉ चकमधे किंवा फेस प्लेटवर धरून बोअर करायला सांगा. होल सॉनं पण निघतं पण मग कड घासून गुळगुळीत करावी लागते. ड्रिल मारताना खाली लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून ठेवायचा, नाहीतर बिट बाहेर पडताना खालचे थर उचकटतात. बिट धारदार, दाब कमी. अडीच सुताच्या किंवा ८ मिमीच्या स्टडला साडेआठचं भोक पुरतं. थर नेहमी आडवे, म्हणजे भोकं थरांच्या आरपार गेली पाहिजेत. थरांच्या कडेतून भोक पाडलं की तुकडा उकलतो.

बारा मिमीऐवजी सहा-सहाचे दोन लावले तर? लावू नका, जितके सांधे तितक्या हवा घ्यायच्या जागा.

आणि बेकेलाइटची भुकटी छातीला वाईट, मास्क लावा, कारागिरालाही लावायला लावा, एक मास्क आपल्याकडून नेऊन द्या. अल्युमिनियम कापताना रॉकेल टाकलं तर हत्याराला चिकटत नाही हे तर त्यांना माहीत असतंच.

सपाट आहे का ते कसं बघायचं?

माझ्या मते अर्धे स्पेसर इथंच फसतात, मटेरियलमधे नाही. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरवा, त्यावर स्पेसर इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, मधे मधे वळवून. घासल्याची खूण सगळीकडे सारखी आली की सपाट झाला. मग काचेवर ठेवून कडेनं ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा, जाता कामा नये.

आणि तेच गेज कार्बोरेटरच्या बुडालाही लावा! जुन्या कार्बोरेटरचे कान वर्षानुवर्षं आवळून आवळून वाकलेले असतात, मधे फट पडलेली असते. नवा स्पेसर कितीही सरळ असो, कान वाकलेले असतील तर हवा घेणारच. कार्बोरेटर खोलून, सगळे पार्ट काढून, बुड त्याच काचेवर हलक्या हातानं घासायचं. घाई करायची नाही, थोडं घासा, थोडं बघा.

पॅकिंगला सिलिकॉन लावलं तर?

नको. साधं आरटीव्ही सिलिकॉन पेट्रोलनं फुगतं आणि सुटतं, त्याचे लोळ आत जातात. चांगल्या पॅकिंग पेपरमधून ०.८ मिमीचं वर एक खाली एक कापून घ्या, कोरडं लावा. पॅकिंगचं भोक स्पेसरच्या भोकापेक्षा केसभर मोठं ठेवा म्हणजे हवेत लोंबत नाही.

जुने स्टड पुरत नाहीत, काय करू?

लांब स्टड बनवून घ्यायचे. जुना स्टड काढायला दोन नट एकमेकांवर आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून फिरवा, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. नव्याची लांबी म्हणजे जुनी अधिक स्पेसर अधिक जास्तीचं एक पॅकिंग. मेनिफोल्ड अल्युमिनियमचा असेल तर किमान १२ मिमी आटे आत गेले पाहिजेत.

इथं एक फसगत होते. या जुन्या ब्रिटिश घराण्याच्या इंजिनांवर आटे इंची असतात. अडीच सुताचा यूएनएफ स्टड दिसायला ८ मिमीसारखाच, जाडी जवळपास तीच, पण आटे वेगळे, एका इंचात २४. त्यावर ८ मिमीचा मेट्रिक नट दोन फेरे जातो आणि मग जबरदस्तीनं आवळला की आटे गेले. थ्रेड गेज लावून खात्री करा, किंवा जुना नट बरोबर घेऊन जा.

आवळताना एक बाजू थोडी, दुसरी बाजू थोडी असं करत या. टॉर्क पाना असेल तर साधारण १५ न्यूटन-मीटर, नसेल तर आखूड पाना घेऊन मनगटाच्या जोरानं, खांदा लावायचा नाही. स्प्रिंग वायसर विसरू नका.

सिंगल बॅरलच्या मेनिफोल्डवर टू-बॅरल कार्बोरेटर बसवायचाय, अ‍ॅडाप्टर कसा करायचा?

हे मी केलंय आणि दोनदा करावं लागलंय. पहिल्यांदा १२ मिमीच्या एकाच प्लेटमधे वर दोन भोकं आणि खाली एक गोल भोक असं काढलं. दोन भोकांची हवा एवढ्याशा उंचीत एका भोकात वळवायची म्हणजे आत आडवा काठ राहिला, त्यावर पेट्रोल साचायचं, गाडी स्लोवर काळा धूर टाकायची आणि दुसरं बॅरल उघडलं तरी फरकच नाही. दुसऱ्या वेळी उंची ३० मिमी घेतली आणि आतला आकार वर लांबट, खाली गोल, असा हातानं कानस आणि ग्राइंडरनं उतरता केला. तीन संध्याकाळी गेल्या, पण गाडी लगेच बदलली.

रचना दोन तुकड्यांची ठेवा. खालची प्लेट मेनिफोल्डच्या स्टडवर बसते, तिचे नट किंवा स्क्रू आत बुडलेले, आणि वरच्या प्लेटमधे कार्बोरेटरचे नवे स्टड. दोन्ही अल्युमिनियमच्या, सगळ्यात खाली ६ मिमीचं बेकेलाइट. जे स्क्रू नंतर दिसणारच नाहीत त्यांना थ्रेड लॉक लावलाच पाहिजे, तो स्क्रू सुटला तर आत पडायला दुसरी जागाच नाही.

कार्बोरेटरची दिशा पण बघा. बटरफ्लायचा दांडा इंजिनच्या लांबीला समांतर ठेवला तर पुढच्या आणि मागच्या सिलिंडरला पेट्रोल बरंचसं सारखं जातं. या इंजिनात दोन-दोन सिलिंडरला मिळून एक इनटेक पोर्ट आहे त्यामुळं आडवा ठेवला तर एक जोडी जास्त पिते, एक कमी, आणि प्लग काढले की रंगावरून दिसतं. शक्यतो फ्लोट चेंबर गाडीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे चढावर पेट्रोल जेटकडे राहतं.

स्पेसर लावल्यावर जेट बदलावा लागतो का?

नुसता बेकेलाइटचा स्पेसर, भोक तेवढंच, तर नाही, फक्त स्लो आणि मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) परत सेट करा. अ‍ॅडाप्टर किंवा मोकळ्या पोकळीचा स्पेसर असेल तर कमी आरपीएमला कार्बोरेटरला मिळणारी ओढ कमी होते, मग थोडा मोठा जेट लागू शकतो. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १३० म्हणजे १.३० मिमी, त्यामुळं तारेनं किंवा ड्रिलनं मोठा करत बसू नका, पुढच्या नंबरचा घ्या.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं. त्याला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागतं, शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा तर याला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर इंधन कमी पडून गाडी कोरडी चालते, जास्त तापते. आपल्या उन्हात हे आधीच वाईट. प्लगचं टोक पांढरंफटक दिसत असेल तर एक-दोन नंबर वर जा. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचं डायफ्राम पण याच वेळी बदलून टाका, इथेनॉलनं जुनं रबर कडक होतं नाहीतर फुगतं, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकायला लागलं तर स्पेसर राहील बाजूला.

हवा घेतोय हे कसं ओळखायचं?

स्लो वर-खाली होतो, एक्सिलेटर सोडल्यावर रेस हळूहळू उतरते, कार्बोरेटरमधून फटफट उलटा आवाज येतो, स्लो स्क्रू पूर्ण बाहेर काढला तरी गाडी जोरात फिरते. लोक पेट्रोल नाहीतर क्लीनर स्प्रे मारून बघतात, गरम एक्झॉस्ट खाली असलेल्या या इंजिनावर कृपा करून ते करू नका. साबणाच्या पाण्याची बारीक फवारणी सांध्यावर मारा, फट असेल तर पाणी आत ओढलं जातं आणि आवाज बदलतो. ब्रेक बूस्टरवाली गाडी असेल तर ही फट अंगावर काढू नका, ब्रेकला लागणारा व्हॅक्यूमही तिथूनच येतो.

थंडीत त्रास होतो का?

होतो थोडा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे एक आकडी तापमान असतं, मेनिफोल्डची गरमी वर येत नाही म्हणून चोक जरा जास्त वेळ लागतो. दोन मिनिटांचा प्रश्न आहे.

माझ्याकडे मारुती ८०० / जिप्सी / जुनी पेट्रोल जीप आहे, तिला लागतो का?

मारुती ८०० च्या कार्बोरेटरखाली कंपनीचाच इन्सुलेटर असतो, आधी तो तडकलाय का बघा, बहुतेकदा तेवढंच काम असतं. जिप्सीलाही आधी तेच तपासा. जुन्या महिंद्रा जीपच्या हरिकेन इंजिनाची गोष्ट वेगळी, तिथं इनटेकचा रस्ता हेडमधेच ओतलेला आहे आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो, म्हणजे खालून इंजिनचं गरम पाणीच. तिला स्पेसरचा फायदा दिसतो, फक्त बोनेटची जागा नीट मोजा. साइड ड्राफ्ट वेबर (हवा आडवी घेणारा कार्बोरेटर) लावलेले दोघं-तिघं विचारतात, त्यांना जाड कडक स्पेसर नको, रबरी ओ-रिंगवाली मऊ माउंटिंग पाहिजे, इंजिनच्या कंपनानं चेंबरमधलं पेट्रोल फेसाळतं ते थांबवायला.

आरटीओचं काही?

स्पेसरनं आरसीवरची कुठलीच नोंद बदलत नाही. इंजिन बदललं किंवा इंधन बदललं तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मंजुरी लागते, ती गोष्ट वेगळी. पीयूसी मात्र सेटिंग झाल्यावरच करायला जा, मिक्स्चर रिच असेल तर तिथंच कळतं.

बसवताना आगीची काळजी काय घ्यायची?

इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, पेट्रोलची नळी बंद केलेली, मेनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबलेलं, बाजूला आग विझवायचं सिलिंडर, आणि जवळपास कोणीही विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला नम्रपणे लांब पाठवा. कापड काढायला विसरू नका, मी त्याला लाल दोरा बांधून बाहेर लोंबता ठेवतो.

नंतर देखभाल?

पहिल्या १०० किलोमीटरनंतर गाडी पूर्ण थंड असताना नट एकदा बघा, पॅकिंग बसतं त्यामुळं पाव फेरा तरी फिरतातच. मग पुढं एप्रिल लागायच्या आधी दरवर्षी एकदा. स्पेसरच्या कडेला थर सुटल्यासारखे दिसले किंवा स्टडच्या भोकापासून बारीक चीर निघाली असेल तर दुरुस्ती नाही, नवा बनवायचा, म्हणून पहिल्यांदा बनवतानाच मापाचा कागद जपून ठेवा, मी तर एक जास्तीचा स्पेसर आणि चार पॅकिंग डिकीत पान्यांच्या पिशवीतच ठेवलेत.